कलम मादीचं होतं, झाड नर निघालं

आमच्या परड्यात विहिरीच्या कडेला एक रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, आहे. सरळसोट वाढलेला, वर शंकूसारखा निमुळता होत गेलेला, फांद्या खाली झुकलेल्या. कोवळी पालवी फुटली की लालसर दिसतो. लावल्यापासून आठव्या वर्षी त्याला कळ्या आल्या, तेव्हा मी लगेच मुंबईला बहिणीला फोन केला. यंदा घरची आमसुलं, विकत आणायची नाहीत. दोन दिवसांनी शेजारच्या काकी कुंपणापाशी आल्या. एक फूल खुडून तळहातावर घेतलं, नखाने उलगडून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यो नर आसा गो. हेका रातांबे धरूचे नाय."

मी वाद घातला. हे झाड बी रुजवून वाढवलेलं नव्हतं. कलम म्हणून आणलं होतं, आणि कोकमाचं कलम मादी झाडाचंच करतात, नराचं करून कोणाला काय मिळणार? काकींनी फूल माझ्या हातात ठेवलं. "मगे वाट बघ," म्हणाल्या आणि गेल्या.

वाट पाहिली. काकी बरोबर होत्या. पण माझं म्हणणंही चूक नव्हतं, हे कळायला मला झाडांच्या नर-मादीचं आणि कलमांचं बरंच काही शिकावं लागलं. ते इथे मांडते आहे. घरामागे दोन-चार झाडं लावणाऱ्यांना उपयोगी पडेल.

फूल एक, झाड एक, पण जोडीदार कुठे

शाळेत आपल्याला जास्वंदीचं फूल उभं कापून दाखवतात. त्यात पुंकेसर असतात, स्त्रीकेसरही असतो. म्हणून सगळी फुलं अशीच असतात अशी समजूत होऊन बसते. बहुतेक झाडांचं असतंही तसंच. भोपळ्याच्या वेलीवर मात्र नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. मका आणि नारळ त्याच पठडीतले: फुलं निराळी, पण झाड एकच.

तिसरा प्रकार माणसांसारखा. अख्खं झाड नर किंवा अख्खं झाड मादी. फुलझाडांच्या साधारण सहा टक्के जातीच अशा आहेत, पण आपल्या स्वयंपाकघरात त्यांची चांगलीच गर्दी आहे. कोकम, जायफळ, तोंडली, कर्टोली, परवल, पालक, खजूर, सगळी याच कुळाचारातली. पालकाची आपल्याला पानंच हवी असतात, म्हणून जुडीतली कुठली काडी नर आणि कुठली मादी याची कोणी चौकशी करत नाही. फळ हवं असलं की चौकशी सुरू होते.

झाडांना नर-मादी असते हे प्रयोग करून दाखवणारा पहिला माणूस म्हणजे जर्मनीतल्या ट्युबिंगेनचा रुडॉल्फ याकोब कामेरारियस. १६९४ साली त्याने एका मित्राला लिहिलेल्या दीर्घ पत्रात हे सगळं मांडलं. तुतीची मादी झाडं नरापासून दूर ठेवली तर फळं धरतात, पण बिया पोकळ निघतात. एरंडाची नर फुलं उमलण्याआधीच खुडली तर बी भरत नाही. त्याने हेम्पवर, म्हणजे भांगेच्या झाडावरही प्रयोग केले आणि तिथे तो अडकला. नर झाडं काढून टाकली तरी मादीवर थोडं बी धरलंच. हा घोटाळा त्याने लपवला नाही, तसाच लिहून ठेवला. आज आपल्याला त्याचं उत्तर माहीत आहे. या झाडाचे परागकण वाऱ्यावर लांबवर जातात, शिवाय मादी झाडावर कधीकधी एखाददुसरं नर फूल गुपचूप उमलतं. कामेरारियसचा हा भांगेचा घोटाळा मला फार आवडतो. पुढे तो पुन्हा येईल.

निसर्गाने हा खटाटोप का केला असावा? एका झाडाने स्वतःच्याच परागाने बी धरलं तर पिढ्यानपिढ्या तेच गुण आणि तेच दोष घोळत राहतात. झाडंच वेगळी केली की परका पराग आल्याशिवाय गत्यंतर नाही. झाडाच्या दृष्टीने सोय, परडंवाल्याच्या दृष्टीने गैरसोय.

कारण बी रुजवलं की सरळ नाणेफेक होते. कोकमाच्या रोपांत नर आणि मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात. तीन रोपं लावली तर आठांत एकदा तिन्ही नर निघणार. आणखी आठांत एकदा तिन्ही मादी निघणार, आणि मग आसपास नर नसला तर त्याचाही उपयोग नाही. आणि निकाल कधी लागतो? कोकमाला सहा ते आठ वर्षांनी. जायफळालाही जवळपास तेवढीच. पहिलीत गेलेलं पोर आठवीत येतं, तोवर झाड नर की मादी हे कळत नाही.

काकींनी जे पाहिलं ते तुम्हीही पाहू शकता. कोकमाच्या नर झाडाची फुलं झुबक्याने येतात आणि फुलाच्या मधोमध पुंकेसरांची गच्च गाठ असते, पिवळसर परागाने माखलेली. मादी फूल सहसा एकटं-दुकटं येतं. त्याच्या मधोमध बारकासा हिरवा गोळा आणि त्या गोळ्यावर देठाशिवाय बसलेली, खाचा असलेली चिकट टोपी. हा गोळाच पुढे रातांबा होतो. गोळ्याच्या बुडाशी काही खुरटलेले पुंकेसर दिसले तर फसू नका, ते नावापुरते असतात.

फुलाआधी कळत का नाही

बी तयार होतं त्याच क्षणी त्याचं लिंग ठरलेलं असतं. पेशीपेशीत तो निरोप लिहिलेला असतो. पण तो निरोप मुख्यतः फूल कसं घडवायचं यासंबंधीचा असतो. पान, साल, मूळ घडताना तो न उघडलेल्या चिठ्ठीसारखा बाजूला राहतो. म्हणून पानं पाहून खात्रीने सांगता येत नाही. जायफळाच्या बाबतीत बीच्या आकारावरून, पानाच्या शिरांवरून, पानाच्या टोकावरून ओळखण्याच्या कितीतरी युक्त्या लोक सांगतात. एका गृहस्थांनी मला अंगठी दोऱ्याला बांधून रोपावर धरायला सांगितलं होतं. ती गोल फिरली तर मादी. त्यांचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर येतो असं ते मोठ्या अभिमानाने सांगत. नाणं फेकलं असतं तरी तेवढाच आला असता.

प्रयोगशाळेत काही झाडांचा छडा लागतो. पपईच्या रोपाच्या पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून ते नर की मादी हे सांगता येतं. पण दहा रुपयांच्या रोपासाठी कोण प्रयोगशाळेत जाणार!

पपईचा विषय निघालाच आहे, तर जरा थांबू. तिचा हिशेब या सगळ्यांत गमतीदार आहे.

पपईचं गणित

माणसात एक्स आणि वाय अशी दोन लिंग-गुणसूत्रं असतात. पपईत तीन आहेत: एक एक्स, आणि वायचे दोन प्रकार. साधा वाय असला की झाड नर. दुसरा वाय असला की झाड उभयलिंगी, म्हणजे एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग. सोयीसाठी त्याला 'उभय-वाय' म्हणू. दोन एक्स असले की झाड मादी. आणि दोन्ही बाजूंनी वायच आला, कुठलाही, तर तो गर्भ जगतच नाही. एक्सशिवाय पपई होत नाही.

आता बाजारातून आणलेल्या पपईच्या बिया परसात टाकल्या असं समजा. लांबट पपई बहुधा उभयलिंगी झाडाची असते, गोल पपई मादी झाडाची. लांबट पपईचं बी स्वतःच्याच परागाने धरलेलं असलं, तर चार भागांतला एक भाग (दोन्ही उभय-वाय) आतच मरतो. उरलेल्या तिघांपैकी दोन उभयलिंगी आणि एक मादी. नर एकही नाही. पण शेजारच्या नर झाडाचा पराग त्या फुलावर बसला असेल तर तिन्ही प्रकार सारख्याच प्रमाणात निघतात. म्हणून कोणी म्हणतं, "आमच्या बियांतून एकही नर नाही आला," आणि कोणी म्हणतं, "तिसरा हिस्सा नरच." दोघंही खरं बोलत असतात.

नर पपई ओळखायला सोपी. लांबलचक देठांवर फुलांचे घोस लोंबकळत असतात. उभयलिंगी आणि मादी झाडांची फुलं खोडाला चिकटून, पानाच्या बेचक्यात बसतात. म्हणूनच जुन्या पद्धतीत एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावायची, फुलं आली की नर उपटायचे आणि शेतात दहा-बारा झाडांमागे एखादा नर ठेवायचा. आता तैवानहून आलेली 'रेड लेडी ७८६' जात सगळीकडे लावतात. तिची बियाणी नर निघणार नाहीत अशा बेताने तयार केलेली असतात. झाडं मादी किंवा उभयलिंगी निघतात. महाग पडतात, पण खड्डा वाया जात नाही.

उभयलिंगी पपईचा स्वभाव मात्र चंचल. कडक उन्हाळ्यात तिच्या फुलांतला मादी भाग खुरटतो आणि झाड काही काळ नराप्रमाणे वागतं. फुलं येतात, गळतात, फळ नाही. लोक घाबरून झाड तोडतात. थोडं थांबलं तर गारवा आल्यावर ते पुन्हा मार्गी लागतं. हा उभय-वाय नर पपईच्याच वायपासून सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तयार झाला असावा, असं तिच्या जनुकांचा अभ्यास सांगतो. पपईचं मूळ घर मध्य अमेरिका. तिथल्या माणसांनी, बहुधा माया लोकांनी, फळ देणारं झाड जपत जपत हा बदल टिकवला असावा.

डहाळी म्हणजेच क्लोन

बीमध्ये जुगार आहे. मग जुगार टाळायचा कसा? ज्या झाडाला फळ लागलेलं डोळ्यांनी दिसतं आहे, त्याच झाडाचा तुकडा घ्यायचा आणि त्याचं नवं झाड करायचं. हाच क्लोन. हा शब्द ऐकला की काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट डोळ्यांसमोर येतात, पण हर्बर्ट वेबर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली तो वापरात आणला, तो बागायतीसाठीच. ग्रीक भाषेत क्लोन म्हणजे डहाळी. आपल्याकडचा शब्दही तसाच आहे. 'कलम' म्हणजे तिरका छाट दिलेला बोरू, लेखणी, आणि झाडाची तशीच तिरकी छाटलेली काडी. रत्नागिरीच्या बागेतला हापूस आणि देवगडच्या बागेतला हापूस हे कलमांच्या साखळीने जोडलेले एकाच झाडाचे तुकडे आहेत. प्रत्येक मराठी घर दर मे महिन्यात क्लोन खातं.

क्लोनचं लिंग मूळ झाडाचंच असतं, कारण पेशी त्याच. नवं काही जन्मलेलं नसतं, जुनंच लांबवलेलं असतं.

सुरुवात करायची असेल तर तोंडलीपासून करा. तोंडलीच्या वेलीत नर आणि मादी वेगळ्या, आणि तिचं वाय गुणसूत्र इतर गुणसूत्रांपेक्षा इतकं मोठं की सूक्ष्मदर्शकाखाली पटकन ओळखू येतं. १९४० साली कुमार आणि देवडीकर या आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी त्यावर टिपण प्रसिद्ध केलं होतं. परसातल्या माणसाला मात्र सूक्ष्मदर्शक लागत नाही. ज्या वेलीला तोंडली लागते तिचाच तुकडा मागून आणायचा. पेन्सिलीएवढ्या जाड, जून वेलाचा वीतभर तुकडा, तीन-चार पेरांचा. खालचा छाट पेराच्या लगेच खाली द्यायचा, कारण मुळं बहुतेक तिथूनच फुटतात. पानं काढून टाकायची. मुळं नसताना पानं ठेवली तर ती पाणी उडवत राहतात आणि काडी सुकते. दोन पेरं मातीत, उरलेली वर. सावलीत ठेवायचं, माती ओलसर ठेवायची, चिखल नाही. पंधरा-वीस दिवसांत डोळा फुटतो. पण डोळा फुटला म्हणजे मूळ आलं असं नाही. काडीतल्या साठवणीवरही पालवी येते. म्हणून पालवी दिसली की लगेच उपटून बघण्याचा मोह आवरा. मी आवरला नव्हता.

उलटी काडी लावली तर काय होतं? बहुधा मरते. झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते वरून खाली वाहत जातं. काडी कापली तरी आतला हा प्रवाह आपली दिशा विसरत नाही. खालच्या टोकाशी ऑक्सिन साचतं, तिथल्या पेशी पुन्हा कामाला लागतात, आधी जखमेवर पांढरट गाठ धरते आणि मग मुळं निघतात. दुकानात मिळणारी 'रूटिंग पावडर' म्हणजे याच ऑक्सिनचा कारखान्यात केलेला भाऊ, आयबीए. तोंडलीला तिची गरज नाही. गुलाबाला मदत होते.

लागवडीतल्या बहुतेक तोंडल्या मादी वेल एकटी असली तरी फळ धरतात, म्हणून घरी नराची काळजी नसते. कर्टोलीचं तसं नाही. तिला पराग हवाच. कर्टोलीचे कंद जमिनीत राहतात. पावसाळ्यात वेल वर आली की फुलं बघून नर कुठला आणि मादी कुठली ते लक्षात ठेवायचं. पुढच्या वर्षी मादीचे कंद जास्त आणि आठ-दहांमागे एक नराचा, असं लावायचं. तिची फुलं संध्याकाळी उमलतात. परसात दोन-तीनच वेली असल्या तर दिवेलागणीला नराचं फूल खुडून मादीच्या फुलावर हलकेच टेकवा. फळधारणेत फरक पडतो.

कोकमाचं कलम, आणि फांदीची सवय

कोकमाची नुसती काडी मातीत खोचली तर सहसा मूळ धरत नाही. म्हणून दुसऱ्याचं मूळ वापरायचं. बीपासून वाढवलेलं कोकमाचं रोप हा खुंट. कोकमाचं बी ताजंच लावावं लागतं, वाळवून ठेवलं तर रुजण्याची ताकद जाते. खुंट पेन्सिलीएवढा झाला की त्याचा कोवळा शेंडा छाटायचा आणि मधोमध चार-पाच सेंटिमीटर उभी चीर द्यायची. फळ देणाऱ्या मादी झाडावरून तेवढ्याच जाडीची वीतभर काडी आणायची. आठवडाभर आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापली तर तिचे डोळे फुगतात आणि यश वाढतं. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं आणि वरून पिशवीची टोपी घालायची म्हणजे ओलावा टिकतो. हे मृदकाष्ठ कलम. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता', 'कोकण हातिस' या जातींची कलमं अशीच करतात.

यात जीव कुठे अडकलेला असतो, तर साल आणि लाकूड यांच्यामधल्या हिरवट, बुळबुळीत, कागदाएवढ्या पातळ थरात. नव्या पेशी तिथेच जन्मतात. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडला तरच सांधा जुळतो. काडी बारीक आणि खुंट जाड असला तर काडी मधोमध बसवू नका. एका कडेला सरकवा. एका बाजूला थर जुळले तरी पुरतं. कलम करायला बसलेला माणूस ब्लेडचं टोक परत परत पुसतो, ते उगाच नव्हे.

कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षी फळ येतं, बीच्या झाडाला सात-आठ. सगळे म्हणतात कलम लवकर फळतं. खरं कारण असं की काडी मुळातच वयात आलेल्या झाडाची असते. बीच्या रोपाला बालपण काढावं लागतं, कलमाने ते कधीच मागे टाकलेलं असतं.

आणि इथे मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट. कोकमात आणि जायफळात दोन प्रकारच्या फांद्या असतात: सरळ वर चढणाऱ्या आणि आडव्या पसरणाऱ्या. कलमाची काडी आडव्या फांदीची घेतली तर ते कलम मोठं होऊनही आडवंच पसरतं, झुडुपासारखं. त्याला काठी लावली तरी वर चढायला तयार होत नाही. जनुकं तीच, झाड तेच, लिंग तेच, पण फांदीला आपली फांदी म्हणून असलेली सवय आठवते. म्हणून 'क्लोन म्हणजे हुबेहूब नक्कल' हे वाक्य अर्धंच खरं. क्लोन झाडाची नक्कल असतो तसाच फांदीचीही असतो. सरळ वाढणारं कलम हवं तर सरळ शेंड्याचीच काडी हवी, आणि तसे शेंडे एका झाडावर मोजकेच असतात.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात विहिरीकडचा रातांबा उभा राहिला. सरळसोट, शंकूसारखा. आडव्या फांदीच्या कलमाची चाल त्याच्यात नव्हतीच. अगदी बीच्या झाडासारखा वाढलेला होता. कुदळ घेऊन गेले आणि बुंध्याची माती बाजूला केली. जमिनीच्या थोडं वर एक जुनी, भरून आलेली जखम होती आणि खोड तिच्या खालून, बाजूने निघालं होतं. मग आठवलं. लावल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या वासराने कलमाचा शेंडा खाल्ला होता. आम्ही हळहळलो, आणि महिन्याभराने खालून टवटवीत फुटवा आला तेव्हा केवढा आनंद झाला होता! तो फुटवा खुंटाचा होता. बीच्या रोपाचा. म्हणजे नाणेफेकीचा. कलम मादीचंच होतं, पण ते वासराच्या पोटात गेलं.

कलमाच्या गाठीखालून येणारा प्रत्येक फुटवा ताबडतोब खुडायचा, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी इतकं तजेलदार पान माझ्याने खुडवलं असतं की नाही, शंकाच आहे.

नराला मादी करता येतं?

झाडाला नाही, पण फांद्यांना येतं. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत मसाल्याची झाडं लावायची 'लाखी बाग' रूढ केली. त्यात जायफळ असतं. बीपासून लावलेल्या जायफळात निम्मे नर निघाले की जीव जातो. दहा वर्षं पाणी घातलेलं झाड तोडवत नाही. अशा वेळी नर झाड छाटतात, त्याला नवे फुटवे येऊ देतात आणि त्या फुटव्यांवर मादीची कलमं बांधतात. मुळं नराची, वरचा पसारा मादीचा. दोन-तीन वर्षांत फळ दिसायला लागतं, कारण मूळ आधीच मुरलेलं असतं. एखादी नर फांदी मुद्दाम राहू देतात, म्हणजे परागाचीही सोय त्याच झाडावर होते. जायफळाची एक जात तर अशी निवडली आहे की तिच्या एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात.

फुलांचं लिंग संप्रेरकांनी वळवण्याचीही एक वाट आहे, पण ती बियाणं तयार करणाऱ्यांची. इथिलीन हा वायू आपल्याला केळी पिकवणारा म्हणून माहीत आहे. काकडीच्या वेलीत इथिलीन वाढलं की मादी फुलं वाढतात. चांदीचे क्षार इथिलीनचा निरोप अडवतात, मग केवळ मादी फुलं देणाऱ्या वेलीवरही नर फुलं येतात. त्या परागाने धरलेल्या बीमध्ये नराकडून काहीच आलेलं नसतं, म्हणून रोपं मादी निघतात. भांगेच्या झाडातही एक्स-वाय असतात आणि तिथेही हीच युक्ती चालते. कामेरारियसच्या मादी झाडावर गुपचूप नर फूल उमललं असेल, तर त्या फुलाने तीनशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं, कोणी चांदी न शिंपडता. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत २०१८ पासून आणि जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरी मोजकी झाडं लावायची परवानगी आहे, आणि तिथले लोक कोकमवाल्यांच्या उलट्या चिंतेत असतात: नर ओळखून बाहेर काढायचा, कारण बी धरलेलं फूल त्यांना नको असतं. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे, एक कुंडीत लावलं तरी. तेव्हा प्रयोग काकडीवर आणि तोंडलीवर करा.

खात्रीची किंमत

कलमांवर माझा विश्वास बसला, तरी दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे, क्लोन बरोबर सगळं नेतो. मूळ वेलीत विषाणू असला की तुकड्यातही असतो, कारण बी वाटेत पुष्कळ विषाणू गाळून टाकतं, काडी गाळत नाही. म्हणून तोंडलीचा तुकडा मागताना पानं सुरकुतलेली, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची असली तर कितीही तोंडली लागलेली असोत, तो घेऊ नये.

दुसरी म्हणजे, सगळ्यांनीच मादी कलमं लावली तर नर कुठून येणार? कोकमाच्या बागेत दहांमागे एक नर ठेवायला सांगतात. गावात हा प्रश्न अजून पडत नाही. वहाळाच्या कडेला, बांधावर, देवराईत बीचे रातांबे आपोआप वाढलेले आहेत, त्यांत निम्मे नर. पण पुण्याच्या सोसायटीत एकच मादी कोकम लावून फळाची वाट बघणाऱ्या ओळखीच्या बाई आहेत, त्यांच्या झाडाला दर वर्षी फुलं येतात आणि गळतात. नवी जात मिळायची तीही या बीच्या झाडांतूनच. 'कोकण अमृता' काय किंवा 'हातिस' काय, कोणीतरी कधीतरी नाणं फेकलं होतं म्हणून ती सापडली.

आमचा नर आम्ही तोडला नाही. काकींच्या परसातल्या मादीला इतकी वर्षं कोणाचा पराग मिळत होता कोण जाणे, पण यंदा रातांबे जास्त धरले आणि त्याचं श्रेय त्यांनी आमच्या झाडाला दिलं. एक डबा भरून आमसुलंही दिली. गेल्या वर्षी मी त्यांच्याच झाडाच्या तीन काड्या मागून आणल्या आणि विहिरीकडच्या खालच्या फांद्या छाटून आलेल्या फुटव्यांवर बांधल्या. एक सुकली. दोन फुटल्या आहेत. गाठीखालून फुटवा आला का, हे मी रोज सकाळी बघते, आणि वासरू आता आमच्याकडे येत नाही.